औषधाची खिडकी

आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर चप्पल काढायच्या आधी माणूस एकच प्रश्न विचारतो, "डाक्टर आसत काय?" आत आणखी कोण कोण आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. डॉक्टर ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मीटिंगला गेलेत म्हटलं, की "मगे मी फाल्या येतंय" म्हणत तो आल्या पावली मागे फिरतो. कुणाला नुसती जखमेची पट्टी बदलायची असते, कुणाला रक्तदाबाच्या संपलेल्या गोळ्या न्यायच्या असतात, कुणाच्या काखेत डोसाला आलेलं नातवंड असतं. यातल्या एकाही कामाला त्या दिवशी डॉक्टर लागणार नसतात. तरी माणूस जातो.

देवगड-मालवणकडच्या किनारपट्टीवर माझी नोकरी झाली. पगाराच्या कागदावर औषध निर्माण अधिकारी, गावाच्या तोंडी कंपाउंडर. माझी जागा खिडकीत. भिंतीत एक चौकोन, त्याला गज, आणि हात आत जाईल एवढी खाली फट. लोकांना वाटतं या फटीतून फक्त गोळ्या बाहेर जातात. खरं म्हणजे केंद्रात जे जे काम करतात ते सगळे दिवसातून एकदा तरी या खिडकीशी येतात. सिस्टर इंजेक्शनं न्यायला, उपकेंद्राच्या आरोग्यसेविका लोहाच्या गोळ्यांची मागणी घेऊन, आरोग्यसेवक पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या ओटी नावाच्या औषधाच्या बाटलीसाठी, आशाताई ओआरएसची पाकिटं संपली म्हणून, परिचर कापूस-स्पिरिटला. कोण किती वेळा आलं, काय मागितलं, यावरून कुठल्या वाडीत काय चाललंय हे डॉक्टरांच्या टेबलाआधी मला कळायचं. ओआरएस एकाच वाडीला दोनदा गेलं, की मी आरोग्यसेवकाला हाक मारायचो, "तिकडची विहीर बघून ये रे जरा."

माझ्या आजीच्या वेळी अशी टीम वगैरे नव्हती. देवी काढणारा वेगळा, हिवतापाचा माणूस वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा. हिवतापवाला येऊन दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहून जायचा. आमच्या जुन्या घराच्या पडवीत चुन्याखाली त्यातली एक अजून दिसते. 1946 च्या भोर समितीने गावपातळीवरच्या आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, आणि 1973 च्या कर्तारसिंग समितीने सांगितलं की रोगागणिक वेगळा माणूस पाठवण्यापेक्षा बहुउद्देशीय कर्मचारी नेमा, एका वस्तीची सगळी कामं त्यांच्याकडे द्या. आज जे आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका म्हणून दिसतात ते तिथून आले. आशा त्यानंतर बऱ्याच उशिरा, 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून.

सरकारी हिशेब असा, की सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक केंद्र, तर पाच किंवा तीन हजाराला एक उपकेंद्र. कोकणात मात्र माणसं एका ठिकाणी राहत नाहीत. एका गावाच्या बारा वाड्या. मधे सडा, व्हाळ, खाडीचा फाटा. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला, की अर्ध्या मैलावरची वाडी लांबच्या गावाएवढी दूर होते. काही घरांपर्यंत अजून फक्त पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, जाते, तिथून माणूस डोलीतूनच खाली आणावा लागतो. हे सगळं मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या डॉक्टरला पहिल्या दिवशी कळणं शक्य नाही. सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेली डॉक्टर पोरं हुशार असतात, मन लावून काम करतात, वर्षभराने जातात. पाखाडी कुठल्या घराशी संपते हे ज्यांना ठाऊक असतं ती माणसं राहतात.

फुरशाची, त्या छोट्या विषारी सापाची, एक रात्र सांगतो. जून सुरू झाला होता. खोपीतली लाकडं काढताना एका बाईच्या बोटाला फुरसं चावलं. आधी कुणाकडे तरी उतरवायला नेलं होतं, त्यात वेळ गेला. मग रिक्षातून आणलं. मनगटावर सुतळी करकचून आवळलेली, हात सुजत चाललेला. सिस्टरने सगळ्यांत आधी काय केलं असेल तर बांगड्या आणि अंगठी काढली. नवऱ्याला वाटलं, ही बाई दागिने कसले काढतेय. पण सूज चढल्यावर तीच अंगठी बोट कापायची वेळ आणते. सुतळी तिने डॉक्टर समोर उभे राहीपर्यंत सोडली नाही, कारण ती एकदम सोडायची नसते.

मग दोन मिलिलिटर रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडला उभी केली. वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर फुरशाचं किंवा घोणसाचं विष रक्तात भिनलंय. एवढी साधी चाचणी, वीज नको, यंत्र नको. पण नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि ती कोरडी, साबणाचा अंश नसलेली हवी. डिटर्जंटने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. म्हणजे विष नसलेल्या माणसाला प्रतिविष टोचलं जाईल, आणि त्या प्रतिविषाची रिअॅक्शन स्वतःच जीव घेऊ शकते. आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाने म्हणून कोऱ्या नळ्यांचा एक जुडगा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात वेगळा ठेवलेला असायचा. वर लिहिलेलं, "साप. हात लावू नये." आमचे परिचर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, केंद्रातली बाकी सगळी काच धुवायचे, पण त्या जुडग्याला बोट लावायचे नाहीत. नवा परिचर बदलीवर आला, तेव्हा मामांनी त्याला चाव्या देताना पहिली हीच गोष्ट सांगितली होती. वीस मिनिटं मोजायचं कामही मामांचंच. घड्याळ बघून ते रजिस्टरच्या पाठीवर वेळ लिहायचे.

त्या वीस मिनिटांत नवरा तीनदा विचारून गेला, "इंजेक्शन कधी देतल्यात?" डॉक्टर त्याला समजावत होते, आणि सिस्टर अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवत होती, रिअॅक्शन आलीच तर शोधाशोध नको. नळी तिरकी केली. रक्त वाहिलं.

सुरुवातीला दहा कुप्या. आमच्याकडे यायचं ते प्रतिविष पावडरीचं. प्रत्येक कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती विरघळवायची. विरघळवताना हलवायची नाही, फेस होतो. दोन तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवायची, मोदकाची उकड मळल्यासारखी, आणि एकेक कुपी विरघळायला मिनिटं जातात. दहा कुप्या एकट्या सिस्टरने केल्या असत्या तर पहाट झाली असती. म्हणून मी दोन, तंत्रज्ञाने दोन, मामांनी एक, आणि आमच्या ड्रायव्हरनेही हात धुऊन एक घेतली. टेबलाभोवती सगळे उभे, कोणी बोलत नाही, सगळ्यांचे तळहात फिरताहेत. डॉक्टर बाईच्या हिरड्यांतून येणारं रक्त बघत होते. पहिला डोस चालू झाला आणि पुढच्या देखरेखीसाठी ओरोसला जायची गाडी ठरली.

बाई वाचली. गावात डॉक्टरांचं नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, निर्णय त्यांचा होता. वर्तमानपत्रातल्या त्या जुडग्याबद्दल कोणी काही बोललं नाही, बोलण्याचं कारणही नव्हतं. पण तेव्हापासून "डाक्टर आसत काय" ऐकलं की माझ्या डोक्यात उलटा प्रश्न येतो, आज कोरडी नळी आहे का?

कोकणातल्या प्राथमिक केंद्रातून जगाला मिळालेलं मोठं काम म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं. महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय होतं ते बारकाईने पाहिलं, आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर वापरली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट सांगताना आपण एकट्या डॉक्टराची गोष्ट म्हणून सांगतो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, विंचू चावलेल्या माणसाला मध्यरात्री त्यांच्यापर्यंत आणणारं आणि रात्रभर नाडी मोजत बसणारंही कोणीतरी असणार.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, गोष्ट वेगळी आहे. तिथे रात्र नाही, धावपळ नाही, आणि म्हणून ती कोणाला दिसतही नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उंदराचं मूत मिसळलेलं असतं. पायाला भेगा, कुठे काट्याने फाटलेलं. त्यातून जंतू आत जातात, आणि साधारण आठ-दहा दिवसांनी ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. लवकर ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंडं, फुफ्फुसातून रक्त. म्हणून जोखमीच्या गावांत चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनच्या दोन कॅप्सूल, एकूण 200 मिलिग्रॅम, प्रतिबंधक म्हणून देतात.

कागदावर हे वाटप सोपं आहे. मी मोजून पाकिटं बांधायचो, सेविका घेऊन जायची, आशा घरोघर द्यायची, अहवालात वाटप शंभर टक्के. पण गोळी पोटात गेली का? ही कॅप्सूल उपाशीपोटी घेतली की मळमळतं. कमी पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं तर घशात अडकून अन्ननलिका जळते. लावणीची बाई सकाळी कोऱ्या चहावर मळ्यात उतरते, आणि रात्री अंग टाकायच्या आधी आठवण झाली तर घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळते. म्हणजे दोन्ही वेळा चुकीच्या. एकदा मळमळ झाली, की पुढच्या आठवड्याचं पाकीट पत्र्याच्या डब्यात पडून राहतं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. उपाय मात्र आमच्या एका आशाताईंनी काढला. त्या म्हणाल्या, "भाऊ, माका पाकिटां घरची म्हणून देव नुको, मळ्याची म्हणून द्या." त्या दहा-अकराच्या सुमारास, पेजेच्या वेळी बांधावर जायच्या. बायका पेज प्यायल्या की तिथेच गोळी, वर तांब्याभर पाणी, आणि लगेच पुन्हा चिखलात. आडवं व्हायचा प्रश्नच नाही. पेजेची वेळ कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत नाही, ती असणारही नाही.

त्याच बांधावर दुसरंही एक काम व्हायचं. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला द्यायचं नसतं, लहान मुलांनाही नाही. पण दुसरा महिना लागलेली सून सासूसमोर, जावांसमोर थोडीच सांगणार? आशाताई एखादीच्या हातावर गोळी ठेवायच्याच नाहीत. "तुझी मी फाल्या आणतंय," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी ती सून उपकेंद्रात सेविकेकडे नोंदणीला. मी खिडकीत बसून ज्या धोक्याची काळजी करत होतो, तो धोका त्या नजरेने टाळत होत्या. माझी काळजी आणि आशाताईंची नजर यांच्यामध्ये सेविका नसती, दोघांचं ऐकून यादी बदलणारी, तर दोन्ही वाया गेली असती.

आशांना आपण स्वयंसेविका म्हणतो, आणि कामागणिक मोबदला देतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा मिळून सन्मान केला. बातमी वाचून आमच्याकडच्या एकीने विचारलं होतं, "त्याचे पैशे कधी जमा होतले?" मी हसलो, ती हसली नाही. नव्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, वजन घ्यायचं, ताप बघायचा, नाळ बघायची. मिरगाचा पाऊस पडत असो वा गणपतीत चाकरमान्यांनी घर भरलेलं असो. ज्या दिवशी जायचं त्या दिवशीच जायचं.

सेविकेबद्दल लोकांत आदर आहे, नर्सबाई म्हटलं की गावात वाट देतात. पण तिच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग लोकांना दिसत नाही, तो म्हणजे लसीची थंडी. दोन ते आठ अंश. जास्त तापली तर लस मरते हे सगळ्यांना कळतं. गोठली तरी पेंटाव्हॅलंट, बाळांना देतात ती पाच रोगांवरची लस, निकामी होते, हे फार कमी जणांना माहीत असतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, झाडं आणि खांब आडवे झाले, वीज गेली. तेव्हा लसीच्या फ्रीजला वाचवायचा एकच मार्ग होता, झाकण न उघडणं. मामा खुर्ची टाकून त्या फ्रीजसमोर बसले. कोणी आलं की, "काय व्हया ता माका सांगा, उघडूचा नाय." डॉक्टर आले तरी तेच. डॉक्टर बाहेर जनरेटरच्या डिझेलसाठी फोनवर भांडत होते.

आता उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत, पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय. आधी मला वाटलं होतं, आणखी एक पद, आणखी एक रजिस्टर. रजिस्टरं आणि पोर्टलं वाढलीच, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. एकच आकडा तीन ठिकाणी भरणारी सेविका पाहिली, की पेशंटच्या वाट्याची वीस मिनिटं कुठे गेली ते कळतं. पण या पोरांमुळे रक्तदाब आणि साखर ही तालुक्याची कामं न राहता वाडीची झाली. आमच्याकडे घरं म्हाताऱ्यांची, मुलगे बोरिवली-डोंबिवलीला. एक आजी महिन्याला गोळ्या न्यायला येण्याऐवजी तीन-तीन महिन्यांनी यायच्या आणि रक्तदाब तपासला तर तो मात्र बरा निघायचा. मला कोडंच पडलं. आशाने घरी जाऊन रिकाम्या पट्ट्या मोजल्या, तेव्हा कळलं, आजी तपासणीच्या आधी चार दिवस गोळ्या घेतात, "डाक्टर रागावतले म्हणून". त्यानंतर उपकेंद्रातल्या मॅडम न सांगता, अधूनमधून भलत्याच दिवशी रक्तदाब बघायला जाऊ लागल्या.

मी निवृत्त झालो त्याच्या आधीच आमच्या तंत्रज्ञाची बदली झाली होती. जागा भरली नाही. केंद्र चालू होतं, ओपीडी चालू होती, डॉक्टर दोन-दोन होते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललं नव्हतं. रक्ताचे नमुने शेजारच्या केंद्रात जायचे आणि अहवाल येईपर्यंत माणूस एक तर बरा झालेला असायचा किंवा खासगीत पैसे मोजून आलेला. नंतर आरोग्यसेवकाचीही जागा रिकामी. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतोच, पण टाकल्यानंतर पाण्याला पिवळी झाक येते की नाही हे ओटीने बघणारं, गप्पी मासे सोडणारं, ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारं कोणी उरलं नाही. डॉक्टरची खुर्ची रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी आंदोलन होतं. सेवकाची रिकामी झाली की जुलैत तापाचे रुग्ण वाढतात, आणि लोक म्हणतात, औंदा पाऊसच तसा आहे.

गेल्या वर्षी गावातली मंडळी माझ्या पडवीत आली. जिल्हा परिषदेला निवेदन द्यायचं होतं, तुम्ही इतकी वर्षं आत होतात, तुम्हीच लिहून द्या म्हणाले. मागणी एकच, कायमस्वरूपी डॉक्टर. मी लिहून दिलं. पण पहिला मुद्दा घातला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा, दुसरा आरोग्यसेवकाचा, तिसऱ्यावर डॉक्टर. वाचून दाखवलं तर कालवा झाला. एक जण म्हणाला, "डाक्टराक तिसरो नंबर? वरचे हसतले आमका." मी म्हटलं, हसूद्यात, डॉक्टर आज ना उद्या मिळतो, त्यासाठी तुम्ही ओरडता. पुष्कळ वाद झाला. शेवटी मधला मार्ग निघाला, तंत्रज्ञ पहिला, डॉक्टर दुसरा, सेवक तिसरा. सरपंचांनी चष्मा लावून सही करायला पेन उघडलं, तिसऱ्या मुद्द्यावर थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"भाऊ, हो आरोग्यसेवक आमच्याकडे होतो कधी?"

"तुमच्याच विहिरीत गप्पी सोडूक येय होतो," मी म्हटलं. "तुम्ही त्याका च्याय पाजलास."

"तो होय!" सरपंच म्हणाले. "तो माका ग्रामपंचायतीचो वाटलेलो." आणि सही केली.